नानांच्या घरात इंजिनिअर न्यायचा कसा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई 36 वर्षांच्या आहेत. त्या एका पतसंस्थेत नोकरीला आहेत आणि त्यांचे यजमान शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात. 12 वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर आता कोल्हापुरात कदमवाडीच्या बाजूला एक रो-बंगला त्यांच्या मनात भरला आहे. बंगला 24 वर्षांचा. खाली हॉल, किचन, एक बेडरूम. वर नंतर चढवलेल्या दोन खोल्या आणि बाथरूम. किंमत 58 लाख, त्यातलं 40 लाख कर्ज, हप्ता 35 हजारांच्या घरात. घर सासऱ्यांच्या तालमीतल्या जुन्या मित्राचं आहे. सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना-नानी मुलाकडे पुण्याला कायमचे निघालेत आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर संचकार (विसार देऊन व्यवहार पक्का करणं) व्हावा अशी त्यांची इच्छा आहे.

यजमानांनी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलं. त्यांनी तपासण्या आणि लेखी रिपोर्ट मिळून 18,000 रुपये सांगितले. हे कळल्यावर सासरे भडकले. "नानाच्या घरात माणूस घालून भिंती ठोकून बघणार? चाळीस वर्षांची दोस्ती आहे आमची." बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेलाय, वकिलांनी सर्च रिपोर्ट दिलाय, घराला नुकताच रंग दिलाय. ताई विचारतात: एवढ्या लोकांनी बघितल्यावर अजून एकाला पैसे कशाला द्यायचे? आणि द्यायचेच असले, तर सासऱ्यांचं आणि नानांचं मन कसं राखायचं?

---

ताई,

तुमच्या मूळ पत्रात पैशाच्या प्रश्नाला दोन-अडीच ओळी आहेत आणि सासऱ्यांच्या रागाला दीड पान. त्यामुळे मीही आधी रागाबद्दलच बोलते.

सासरे म्हणतात ते मला समजतं. आपल्याकडे तालमीतली दोस्ती म्हणजे सख्ख्या नात्याच्या वरची. नानांनी "घर चांगलं आहे" म्हटलं की विषय संपला, अशी त्यांची रीत असणार, आणि त्या रीतीबद्दल मला आदर आहे. नाना खोटं बोलत असतील असं मला जराही वाटत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. स्लॅबच्या आतल्या सळ्यांना गंज चढलाय का, हे नानांना तरी कसं माहीत असणार? माणूस प्रामाणिक असतो तो त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल. घराच्या पोटात काय चाललंय ते घरात राहणाऱ्यालाही दिसत नाही, आणि रोज राहणाऱ्याला तर कमीच दिसतं, कारण त्याच्या नजरेला सवय झालेली असते.

तुमच्या यजमानांना विचारा. फौंड्रीतून कास्टिंग बाहेर पडतं तेव्हा वरून गुळगुळीत, चांगलं दिसतं. मशिनिंगला गेल्यावर आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, सापडतो. म्हणून गिऱ्हाइकाचा माणूस माल उचलण्याआधी तपासून घेतो. त्यात फौंड्रीवाल्याला अपमान वाटत नाही, कारण ब्लो होल कुणी मुद्दाम ठेवत नाही. यजमान ज्या नजरेने आठ तास दुसऱ्याचा माल बघतात, ती नजर आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीच्या वेळी त्यांनी घरी का ठेवून जायची?

मी स्वतः सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि 21 वर्षं साइटवर काढली. तरीही एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगते. 2009 साली माझ्या धाकट्या भावाने एक जुना बंगला घ्यायचं ठरवलं. बघायला मीच गेले. सकाळची वेळ होती, अंगणात पारिजातकाचा सडा पडला होता आणि त्या घरातल्या आजींनी ओंजळभर फुलं माझ्या हातात ठेवली. मी स्लॅब बघितला, कॉलम बघितले, गच्चीवर जाऊन आले आणि भावाला सांगितलं, घे. वरच्या मजल्यावरचं बाथरूम मी उघडून फक्त डोकावून बघितलं. कोरडं ठणठणीत होतं. भावाचं पाच माणसांचं कुटुंब राहायला गेलं, वर रोज आंघोळी सुरू झाल्या, आणि दोन महिन्यांत खाली किचनच्या छतावर पिवळट डाग उमटला. मग पापुद्रे, मग थेंब. बाथरूमखालचा खोलगट स्लॅब, ज्याला साइटवर संकन म्हणतात, त्यातलं वॉटरप्रूफिंग कधीच गेलं होतं. आजी-आजोबा गुडघ्यांमुळे सहा वर्षं वर चढलेलेच नव्हते. वर पाणीच पडत नव्हतं, तर गळणार कुठून? त्यांनी आमच्यापासून काही लपवलं नव्हतं. त्यांनाच माहीत नव्हतं.

शेवटी फरशा, विटांचे तुकडे, कोबा, सगळं उचकटून पुन्हा करावं लागलं. खर्चापेक्षा मला आजही लागतं ते हे की मला हे सगळं येत होतं आणि तरी मी बघितलं नाही. मला ते घर आवडलं होतं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: घर तपासणारा माणूस असा हवा, ज्याला ते घर नकोय. तुमचे यजमान कितीही हुशार असोत, त्यांनी मनातल्या मनात देवघर कुठे करायचं ते ठरवून टाकलंय. तुम्ही पत्रात तुळशीवृंदावनाची जागासुद्धा लिहिली आहे.

आणि नाना-नानीही आता खालच्याच मजल्यावर राहतात, असं तुम्ही लिहिलंय. वरचं बाथरूम शेवटचं कधी वापरलं, हे त्यांना विचारा.

आता "एवढ्या लोकांनी बघितलंय" याबद्दल. हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक पत्रात भेटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बँकेचा व्हॅल्युअर आला, त्याने मापं घेतली, फोटो काढले, आजूबाजूचे भाव विचारले आणि गेला. त्याच्यापुढचा प्रश्न असतो: उद्या हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे 40 लाख सुटतील का? त्याचा रिपोर्ट बँकेसाठी असतो. पावसात उत्तरेची भिंत ओलावते का, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. वकिलांनी मालकी बघितली: बोजा आहे का, वारस किती, सत्ताप्रकार म्हणजे जमिनीच्या हक्काचा प्रकार कुठला. ते फार महत्त्वाचं आहे, पण ते कागदाचं काम आहे. राहिला रंग. नव्या रंगाने मला उलट सावध व्हायला होतं. नानांनी चांगल्या मनाने, घर देताना नीट द्यावं म्हणून रंग दिला असेल. पण ओल, जुने डाग, बारीक तडे, सगळं त्याच्याखाली जातं, आणि पुढचा एखादा पावसाळा ते वर येत नाही.

म्हणजे तुमच्या बाजूने, तुमच्या पैशाने, घराची प्रकृती बघायला अजून कुणीच गेलेलं नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 सालचा. त्याच्या कलम 55 प्रमाणे विकणाऱ्याने त्याला माहीत असलेला मोठा दोष घेणाऱ्याला सांगायला हवा. पण कोणता? घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधी काळजी घेऊनही सापडला नसता असा. म्हणजे बघितलं असतं तर दिसलं असतं अशा दोषासाठी नंतर भांडता येत नाही, आणि नानांनाच माहीत नसलेल्या दोषासाठीही नाही. जुन्या घराच्या बाबतीत बघून घेण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

इंजिनिअर नेमकं काय बघेल, हे सासऱ्यांना कळलं तर "भिंती ठोकणं" त्यांना इतकं परकं वाटणार नाही.

सुरुवात पाण्यापासून. तुम्ही जो भाग सांगताय, तिथे पहिला प्रश्न पुराचा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना पोचलं की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि जुलै 2021 मध्ये 56 फुटांच्या. "आमच्या गल्लीत पाणी येत नाही" हे वाक्य 2019 च्या आधी खूप जण मनापासून म्हणायचे. नानांना सरळ विचारा: त्या दोन वर्षी पाणी कुठवर आलं होतं? ते सांगतीलच. पण घरही सांगतं. कंपाउंडच्या आतल्या बाजूला, रंग न पोचलेल्या कोपऱ्यात पाण्याची रेघ राहते. खालच्या स्विचबोर्डाची प्लेट काढली तर आत वाळलेला गाळ सापडतो. लाकडी चौकटी तळाशी फुगलेल्या असतात. मीटर मूळ जागेवरून छातीच्या वर हलवलेला असतो, किंवा किचनच्या फक्त खालच्याच ट्रॉल्या नव्या असतात. शेजारच्या दोन घरांत चहाला बसलात तरी अर्धी माहिती मिळेल.

महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषांचा नकाशा बघायला मिळतो: निळी रेषा वरचेवर येणाऱ्या पुराची, लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. घर निळ्या रेषेच्या आत आहे, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये आहे की लाल रेषेबाहेर, हे तिथे जाऊन बघा. निळ्या रेषेच्या आत असेल, तर पुढे वाढीव बांधकामाचा विचारच सोडावा लागेल आणि विकतानाही त्रास होईल. हे एकच उत्तर तुमचा सगळा निर्णय फिरवू शकतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया खोल नसेल तर घराला दर वर्षी हलवते. त्याचे तडे ओळखता येतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, वर रुंद आणि खाली निमुळता, किंवा बाहेरून आणि आतून एकाच जागी दिसणारा तडा असेल तर मी थांबून बघते. प्लास्टरवरचे केसासारखे बारीक तडे बहुतेक वेळा नुसते प्लास्टरचे असतात, आणि बीम व भिंत यांच्या जोडावरची आडवी रेघ तर निम्म्या कोल्हापुरातल्या घरांत असेल. त्याने झोप उडवून घेऊ नका. शंका आली तर जुना उपाय अजून चालतो: तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवायची. काही आठवड्यांत काच तडकली, तर तडा जिवंत आहे.

तिसरी गोष्ट सळ्यांची, आणि इथेच इंजिनिअरला दिलेले पैसे वसूल होतात. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतली सळी गंजत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो आणि हे संरक्षण बाहेरून आतकडे संपत येतं. ते सळीपर्यंत संपलं की गंज सुरू होतो, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. कॉलमवर सळीच्या रेषेत उभा तडा दिसतो तो यामुळे. हे कसं तपासतात, ते एकदा बघण्यासारखं आहे. काँक्रीटचा लहानसा ताजा तुकडा मोकळा करून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात, तेच आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं. निरोगी काँक्रीट लगेच गडद गुलाबी होतं. संरक्षण गेलेला भाग तसाच करडा राहतो. मग पट्टी लावून मोजायचं: बाहेरून किती मिलिमीटर करडं आहे आणि सळी किती आत आहे. माझ्यासोबत एकदा एक घरमालक उभे होते. गुलाबी रंग सळीच्या बराच अलीकडे सुरू झालेला बघून त्यांनी जो मोठा श्वास सोडला, तो मला अजून आठवतो. रिपोर्टमधून वाईटच बातमी येते असं नाही, हे सासऱ्यांनाही सांगा.

याशिवाय रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा बघतात, ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून रंगाखालची ओल शोधतात, स्लॅबच्या खालच्या बाजूला नाण्याने किंवा हातोडीने टकटक करून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकतात. ठोकणं म्हणतात ते एवढंच.

तुमच्या घरात मला सगळ्यात जास्त काळजी वरच्या दोन खोल्यांची वाटते. त्या "नंतर चढवल्या" असं तुम्ही सहज लिहिलंय. मूळ पाया आणि कॉलम एका मजल्यासाठी होते की दोन? वरचा मजला मंजूर नकाशात आहे का? घरफाळा त्यासकट लागतोय का? हे तीनही वेगवेगळे प्रश्न आहेत. घरफाळा भरला म्हणजे बांधकाम मंजूर झालं असं होत नाही. मंजूर नकाशाची प्रत इंजिनिअरच्या हातात द्या, ते जागेवर ताडून बघतील.

वायरिंगचं थोडक्यात: 24 वर्षांच्या घरात एखाद्या चांगल्या परवानाधारक वायरमनला अर्धा दिवस वेगळा न्या. अर्थिंग जिवंत आहे का आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, एवढं तरी बघून घ्या. नसेल तर ते पहिल्याच महिन्यात बसवा. ड्रेनेज महापालिकेच्या लाइनला आहे की सेप्टिक टँक आहे, हे विचारा आणि टँक असेल तर झाकण उघडून बघा.

आता माणूस कसा निवडायचा. अमेरिकेत घर घेताना होम इन्स्पेक्टर नेणं रुळलेलं आहे, करारातच तशी अट घालतात. आपल्याकडे या नावाचा वेगळा सरकारी परवाना नाही. मोठ्या शहरांत अशा कंपन्या निघाल्यात. आपल्याकडे अनुभवी सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर हेच काम करतात. महापालिकेकडे नोंदणी असलेला असेल तर उत्तम. माझ्या दोन अटी आहेत. तो एजंटाने किंवा विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. आणि दुरुस्तीचं काम त्याला स्वतःला मिळणार नसावं. "तपासणी फुकट करतो" म्हणणाऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्याला प्रत्येक घरात गळती सापडते. फी आधी ठरवा, निकाल काहीही लागला तरी द्या, आणि रिपोर्टमध्ये काय असेल ते लिहून घ्या: प्रत्येक खोलीचे फोटो, कुठल्या तपासण्या केल्या, कुठे बघता आलं नाही, आणि दुरुस्त्या तातडीच्या, वर्षभरात करायच्या, नुसतं लक्ष ठेवायच्या अशा वेगळ्या करून, अंदाजे खर्चासह. "कुठे बघता आलं नाही" हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. पाया, फरशीखालचे पाइप, कपाटामागची भिंत कुणालाच पूर्ण दिसत नाही. शंभर टक्के खात्री देणारा भेटला तर दुसरा शोधा.

तपासणीच्या दिवशी तुम्ही दोघंही हजर राहा. यजमानांनी बॅटरी धरावी, तुम्ही वहीत लिहावं. रिपोर्ट वाचून जे कळत नाही, ते त्या दोन-तीन तासांत बोटाने दाखवलेलं कळतं.

18,000 रुपये म्हणजे तुमच्या एका हप्त्याच्या निम्मे. असे 240 हप्ते तुम्ही भरणार आहात. ही फी फुकट गेली असं तुम्हाला केव्हा वाटेल? घर ठणठणीत निघालं तर. मग त्यापेक्षा चांगलं काय आहे?

समजा दोष निघाले. इथे माणसं घाबरून घर सोडून देतात किंवा किमतीवरून ताणतात, आणि दोन्ही घाईचं असतं. गळती, वायरिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग या पैशाने सुटणाऱ्या गोष्टी आहेत. समजा खर्च 3 लाख आला. नानांनी दुरुस्ती करून द्यावी असं मी सुचवणार नाही. पुण्याला निघालेला माणूस ती गडबडीत उरकेल आणि मग खरी कटकट होईल. रिपोर्ट समोर ठेवून किमतीत जमवा आणि दुरुस्ती तुमच्या देखरेखीखाली करून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, किंमत उतरली तर बँकेचं कर्जही त्या प्रमाणात कमी होऊ शकतं आणि दुरुस्तीचा पैसा बहुतेक तुमच्या खिशातूनच जाईल. तो आधी बाजूला काढा. सळ्यांचा गंज कॉलमपर्यंत पोचला असेल, तर दुसऱ्या इंजिनिअरचंही मत घ्या. तो खर्च पहिल्या अंदाजावर थांबत नाही. आणि पूर हा दुरुस्तीचा विषयच नाही. खालच्या मजल्यात पाणी शिरलं असेल, तर दर जुलै-ऑगस्टला गाद्या, फ्रिज आणि सासूबाईंना वर न्यायची तुमची तयारी आहे का, हे चौघांनी एकत्र बसून ठरवायचं. तयारी असलेली घरं मी बघितली आहेत. मला स्वतःला ते जमलं नसतं.

तपासणी संचकाराच्या आधी व्हावी, हे सगळ्यात चांगलं. मुहूर्तामुळे तारीख हलत नसेल, तर संचकारपत्रात वकिलांकडून एक कलम घालून घ्या: ठरलेल्या दिवसांत तपासणी होईल, बांधकामात मोठा दोष निघाल्यास संचकाराची रक्कम परत मिळेल किंवा किंमत नव्याने ठरेल. "मोठा" म्हणजे किती रुपयांच्या वर, तेही त्यात लिहा. हे नानांनाही सोयीचं आहे, कारण नंतर "तुम्ही सांगितलं नाही" असं कुणी त्यांना म्हणू शकणार नाही.

अशीच पत्रं इतरही काही जणांची आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. नवा फ्लॅट घेत असाल आणि प्रकल्प महारेराकडे (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदवलेला असेल, तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाल्यास बिल्डरने कळवल्यापासून 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. कळवाल ते लेखीच कळवा. तरीही किल्ली घेण्याआधी एकदा तपासून यादी द्या; किल्ली घेतल्यावर फोन उचलले जात नाहीत. जुन्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅट बघताना आपल्या चार भिंतींएवढंच लक्ष गच्ची, टाकी आणि पार्किंगमधल्या कॉलमकडे द्या, आणि सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागा. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी ते व्हायला हवं. आणि पेठेतला जुना वाडा घेणाऱ्यांनी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं बघावीत. वाळवी आणि ओल तिथूनच सुरू होते. समाईक भिंत कुणाची, तेही आधी मिटवावं.

ताई, आता पुन्हा सासऱ्यांकडे येते. माझ्या ओळखीत दोन घरं आहेत. दोस्तीतच व्यवहार झाला, कुणी काही बघितलं नाही. तीन वर्षांनी बाल्कनीचा भाग खाली आला. कुणाला इजा झाली नाही, पण घेणाऱ्याच्या मनात आलं, "याला माहीत असणार." विकणाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. आज ते दोघं लग्नकार्यात समोरासमोर आले तरी बोलत नाहीत. चाळीस वर्षांची दोस्ती सांभाळायची असेल, तर तिला या संशयाच्या वाटेवर सोडू नका, एवढं सासऱ्यांना सांगा. तुम्ही नाही, त्यांच्या मुलाने सांगू दे.

आणि नानांना फोन सासऱ्यांनीच करावा. तो तुमच्याकडून गेला तर तपासणी वाटेल. त्यांच्याकडून गेला तर घरातली गोष्ट राहील. काहीसं असं बोलता येईल: "नाना, पोरं आयुष्यभराचं कर्ज काढायला लागल्यात. बँकेचा माणूस येऊन गेला, तसा आपला एक इंजिनिअर येऊन जाईल. तू बरोबर थांब. कुठला पाइप कुठनं गेलाय, कुठं काय दुरुस्त केलंस, ते तुझ्याइतकं कुणाला म्हाईत न्हाई." नानांना इंजिनिअरबरोबर घरभर फिरू द्या. आपण कसं बांधलं, वाळू कुठून आणली, पाणी किती दिवस मारलं, हे ते सांगतील आणि त्यातलं बरंच रिपोर्टमध्ये उपयोगी पडेल.

दसऱ्याला अजून तीन आठवडे आहेत आणि पाऊस पूर्ण गेलेला नाही, हे तुमच्या पथ्यावर आहे. कोरड्या मार्चमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी आत्ता दिसतात. इंजिनिअर यायच्या आदल्या दिवशी सकाळी नानांची परवानगी घेऊन वरच्या बाथरूमची जाळी कापडाने घट्ट बंद करा, इंचभर पाणी भरा आणि तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली नानींच्या किचनमध्ये चहाला बसा, आणि चहा घेता घेता एकदा वर छताकडे बघा.